हटके हॉटेलात घरच्यांचा वाढदिवस? या चुका टाळा

वाढदिवसाला घरच्यांना बाहेर जेवायला न्यायचं म्हटलं की ठाण्यात आणि नवी मुंबईत आता नेहमीच्या उडपी-पंजाबी हॉटेलांपलीकडे बरेच पर्याय आहेत. कुठे छोटी आगगाडी रुळांवरून ताट टेबलापर्यंत आणते. कुठे तुरुंगाच्या कोठडीसारख्या खोल्या केल्यात आणि वाढपी हवालदाराच्या वेशात येतात. कुठे अंगणात बाजा टाकून चुलीवरचं मटण मिळतं. आणि कुठे गावठाणातल्या घराच्या पडवीत पाच-सहा टेबलं मांडलेली आगरी खानावळ असते. तिथे मेन्यूकार्ड नसतं, मालकीणबाई त्या दिवशी जे शिजवलंय ते वाढतात.

मला अशा जागा मनापासून आवडतात. त्या चालवणाऱ्या माणसाने काहीतरी वेगळं करायचं धाडस केलेलं असतं आणि घरातल्या सगळ्यांना तो वेगळेपणा पुढे कितीतरी दिवस आठवतो. तरीही अशा ठिकाणी घरचा कार्यक्रम विस्कटलेला अनेकदा पाहायला मिळतो, आणि त्याचं कारण क्वचितच स्वयंपाक असतो. आपण त्या जागेला साध्या हॉटेलासारखं धरून चालतो. दोन वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांना घेऊन जायचं असेल, तर त्या जागेच्या तऱ्हा आधी माहीत करून घ्याव्याच लागतात.

ज्याचा वाढदिवस, त्यालाच न विचारणं

हॉटेल बहुतेक वेळा घरातलं तरुण माणूस सुचवतं. त्याने रील पाहिलेलं असतं, मित्रांबरोबर एकदा जाऊनही आलेलं असतं. वाढदिवस मात्र आजोबांचा असतो. मग अंधाऱ्या खोलीत, कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात आजोबा समोरच्या ताटात नेमकं काय आहे ते चाचपडत बसतात आणि घरी आल्यावर ‘छान होतं’ म्हणतात. आपल्याकडची मोठी माणसं ‘छानच होतं’ म्हणतात, कारण मुलांनी खर्च केलेला असतो. तेवढ्यावर समाधान मानू नका.

‘तुला कुठे जायचंय?’ असं मोघम विचारलं तर ‘कुठेही चालेल, तुम्हीच ठरवा’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. ‘आई, मासे खायचेत का तुला, की शाकाहारी बघू?’ ‘बाबा, तुम्हाला बाजेवर मांडी घालून बसायला जमेल का, की खुर्चीच हवी?’ ‘रात्री जायचं की दुपारी?’ अशा तीन-चार प्रश्नांतून जागा आपोआप ठरत जाते. सरप्राइज द्यायचं असेल तर हीच माहिती काका, आत्या किंवा शेजारच्या काकूंकडून काढा. सरप्राइज जागेच्या नावापुरतं ठेवावं. मांडी घालून जेवायला लागणार आहे, हे दुखऱ्या गुडघ्यांना ऐनवेळी कळू नये.

लहान मुलांचंही तसंच. पाच-सहा वर्षांचं मूल ताट आणणाऱ्या आगगाडीवर जीव टाकतं. दोन वर्षांचं मूल मुखवटा घातलेला वाढपी जवळ आला की रडून हॉटेल डोक्यावर घेतं आणि मग त्याची आई जेवणभर बाहेरच्या पायरीवर त्याला खांद्यावर घेऊन उभी असते. वाढदिवस तिच्या मुलाचाच असेल, तर त्या जेवणाचा उपयोग काय?

आधी एकदा जाऊन न येणं

सगळ्या चुकांमध्ये मी ही सर्वांत मोठी मानतो. साध्या हॉटेलात आपण डोळे मिटून जाऊ शकतो, कारण तिथे काय असणार हे ठाऊक असतं. हटके जागेत प्रत्येक गोष्ट वेगळी असते, आणि ती वेगळी गोष्टच बाराजणांपैकी एखाद्याला अडते.

आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी, मंगळवारी किंवा बुधवारी, दोघांनी जाऊन एखादी डिश आणि चहा घ्या. खाता खाता पाहायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. रस्त्यापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती? पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का, आणि ती आज चालू आहे का? स्वच्छतागृह कुठे आहे, कमोड आहे की भारतीय पद्धतीचं, तिथपर्यंत जाताना मध्ये उंबरा किंवा ओली फरशी आहे का? गावाकडचा देखावा केलेल्या जागांमध्ये वाट बरेचदा खडीची किंवा शेणाने सारवलेली असते. तिथे काठी टेकत चालणारा माणूस घसरू शकतो. खुर्चीला पाठ आहे का? हात धुवायला बेसिन आत आहे की बाहेर अंगणात? आणि स्पीकर नेमका कोणत्या टेबलाच्या डोक्यावर आहे?

आमच्या आत्याची पंचाहत्तरी आगगाडीवाल्या हॉटेलात करायची असं ठरलं, तेव्हा माझा चुलतभाऊ आधी एकटा पाहून आला. रूळ टेबलांच्या एका कडेने गेलेले, त्यामुळे बाकं जमिनीला पक्की बसवलेली. बाक आणि टेबल यांच्यातलं अंतर बदलायची सोय नाही आणि आत्याचा गुडघा पूर्ण वाकत नाही. त्याने मालकांना सरळ सांगितलं, ‘काका, आमची आत्या या बाकावर बसू शकणार नाही.’ मालक त्याला कोपऱ्यातल्या शेवटच्या टेबलापाशी घेऊन गेले. तिथे सुट्या खुर्च्या होत्या आणि गाडीही तिथे थांबून मग वळत होती. वाढदिवसाच्या दिवशी आत्या त्याच खुर्चीत पाय लांब करून बसली. सोलकढीचे ग्लास घेऊन पहिली गाडी तिच्यासमोर थांबली. ग्लास उतरवून झाल्यावर तिने पिशवीतला पेढ्यांचा डबा काढला, आगगाडीच्या रिकाम्या डब्यात दोन पेढे ठेवले आणि गाडी तशीच किचनकडे परत पाठवली. थोड्या वेळाने आचारी स्वतः बाहेर येऊन तिला नमस्कार करून गेला. भाऊ आधी गेला नसता, तर पहिली दहा मिनिटं तिला बसवायच्या खटपटीतच गेली असती.

जाणं अगदीच शक्य नसेल, तर निदान फोनवर या गोष्टी एकेक करून विचारा आणि बसायच्या जागेचा फोटो मागवा. चांगला मालक फोटो आनंदाने पाठवतो.

‘दहा-बारा जण आहोत’ असं बुकिंग करणं

दहा आणि बारा यांच्यात एक टेबल वाढतं. छोट्या जागेत चार टेबलं जोडली की जाण्या-यायची वाट बंद होते, त्यामुळे मालकाला नेमका आकडा लागतो. मोठी माणसं किती, मुलं किती, त्यातल्या कुणाला हाय चेअर हवी, व्हीलचेअर येणार आहे का, हे सगळं एकदम सांगा. नंतर व्हॉट्सॲपवर तारीख, वेळ, माणसं, कोणतं टेबल आणि किती ॲडव्हान्स दिला ते लिहून पाठवा आणि ‘ओके’ आलं का ते बघा. फोन घेणारा मुलगा त्या दिवशी सुट्टीवर असू शकतो. लेखी मेसेज मालकाच्या फोनमध्ये राहतो.

छोट्या, घरगुती जागा आठवड्यातून एक दिवस बंद असतात, बऱ्याचदा सोमवारी. शनिवारी-रविवारी रात्री काही ठिकाणी बुकिंग घेतच नाहीत. आधी या, नाव लिहा, थांबा असा नियम असतो. आजी-आजोबांना घेऊन फुटपाथवर पाऊण तास उभं राहायचं नसेल, तर अशा जागी संध्याकाळी सात वाजताच पोहोचा किंवा आठवड्यातला दिवस धरा.

तारखेचा हट्टही सोडून द्यावा असं मला वाटतं. वाढदिवस बुधवारी असेल तर बुधवारी घरी औक्षण करा, गोडाचं करा आणि हॉटेलचं जेवण रविवारी दुपारी ठेवा. दुपारी गर्दी बेताची असते, आचारी दमलेला नसतो, मोठ्यांना रात्रीचं जड जेवण टळतं आणि मुलं झोपाळलेली नसतात. फक्त रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघा. डोंबिवलीहून किंवा पनवेलहून येणारे पाहुणे नेमके ब्लॉकमध्ये अडकतात आणि इकडे टेबल तासभर अडून राहतं.

उपास, पथ्य आणि मासळीचा मोसम विसरणं

मराठी घरात हे विसरून चालतच नाही. बाराजणांत एकाचा गुरुवार असतो, एकीचा सोमवार, कुणी श्रावण पाळतं, कुणी मार्गशीर्षातले गुरुवार. तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय उघडून बघा. संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळही बघा, कारण ती महिन्यागणिक बदलते. कधी साडेआठच्या सुमारास चंद्र दिसतो, कधी दहाच्या घरात. दहाचा चंद्रोदय असलेल्या दिवशी आठ वाजताचं टेबल घेतलं तर काकू दोन तास पाणी पीत सगळ्यांची ताटं बघत बसणार. मग चंद्र उगवेपर्यंत ‘लास्ट ऑर्डर’ची वेळ आलेली असते.

एकच खासियत असलेल्या जागांमध्ये ही अडचण जास्त असते. आगरी-कोळी किंवा मालवणी खानावळीत शाकाहारी माणसासाठी काय आहे, हे आधीच विचारा. ‘आहे ना, डाळ-भात आहे’ असं उत्तर आलं, तर वाढदिवसाला आलेल्या मामांना डाळ-भातावर बसवणं बरं दिसत नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर बऱ्याच खानावळींत वालाचं बिरडं, भरली वांगी किंवा काळ्या वाटाण्याची उसळ करून देतात, कारण घरी ते करतातच. फक्त त्यांना भिजवायला, मोड आणायला वेळ हवा. मोड आलेल्या वालाचं बिरडं ऐनवेळी कोण करणार? जैन शेजारी बरोबर असतील तर कांदा, लसूण, बटाटा यांबद्दल स्पष्ट बोला, आणि तवा-कढई वेगळी असते का तेही विचारा. त्यांच्यासाठी तो श्रद्धेचा प्रश्न असतो.

मासे खायला म्हणून जात असाल तर मोसम लक्षात घ्या. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत ताजं पापलेट आणि सुरमई कमीच मिळते, बरीचशी बर्फातली असते आणि भावही चढे असतात. जूनमधला वाढदिवस असेल तर खाडीचं काय मिळेल ते विचारा. चिंबोऱ्या, कोळंबी, मिळालाच तर जिताडा. ठाणे-पनवेलच्या खाडीकाठच्या माणसाला जिताड्याचं कौतुक सांगायला नको. तो हवा असेल तर दोन दिवस आधी सांगून ठेवा आणि वजनावर भाव किती लागेल तेही आधीच ठरवा. ‘बाजारभावाप्रमाणे’ असं लिहिलेल्या माशाचा भाव न विचारता ऑर्डर दिली की बिलाच्या वेळी सगळ्यांचे चेहरे उतरतात.

मधुमेह असलेल्यांचं तर विशेष सांभाळा. जेवणाआधीचं इन्शुलिन किंवा गोळी घरीच घेतली आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, वर ऑर्डरला उशीर झाला, तर साखर झपाट्याने उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळलेलं बोलणं दिसलं की लगेच साखरेचं पाणी किंवा गोड सरबत द्या, पार्टी थांबली तरी चालेल. औषधाची वेळ बाहेर जेवताना कशी धरायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असावीच.

केकबद्दल गृहीत धरणं

बाहेरचा केक चालतो का, हे विचारल्याशिवाय केक घेऊन जाऊ नका. काही जागा केक आणू देतात पण कापायचे वेगळे पैसे लावतात. काही आपलाच केक घ्यायला लावतात. आणि काही शुद्ध शाकाहारी जागा अंड्याचा केक दारातून आत येऊ देत नाहीत. हा त्यांचा नियम आहे आणि तो पाळायलाच हवा. एगलेस घ्या, खोक्यावरची हिरवी खूण दाखवा, प्रश्न मिटतो.

एप्रिल-मेच्या उकाड्यात क्रीमचा केक गाडीत अर्धा तासही नीट टिकत नाही. कडा आधी घामेजतात, मग वरचं नाव खाली ओघळायला लागतं. केक सगळ्यात शेवटी उचला, एसीच्या गाडीत सपाट जागी, पायांपाशी ठेवा, कुणाच्या मांडीवर नको. हॉटेलात पोहोचल्या पोहोचल्या फ्रीजमध्ये ठेवायला द्या. छोट्या खानावळीच्या फ्रीजमध्ये मासळी असते हे लक्षात असू द्या. तिथे केकऐवजी खरवस, पुरणपोळी किंवा घरचे लाडू नेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आता जरा गंभीर गोष्ट. फेसाचे स्नो स्प्रे आणि मेणबत्ती एकत्र आणू नका. त्या डब्यांत फेस बाहेर ढकलायला वापरलेला वायू बहुतेक वेळा ज्वलनशील असतो, आणि वाढदिवसाच्या मुलाच्या तोंडावर स्प्रे मारत असताना ज्योत पेटती असेल तर क्षणात भडका उडतो. रस्त्यावर मिळणाऱ्या गॅसच्या फुग्यांतही अनेकदा हायड्रोजन असतो. ते फुगे केकजवळ बांधू नका. गवताचं छप्पर, बांबूच्या भिंती, कागदी कंदील अशी सजावट असलेल्या हटके जागेत तर कारंज्यासारखी ठिणग्या उडवणारी मेणबत्ती पेटवूच नये. साधी मेणबत्ती लावा, किंवा निरांजन लावून ओवाळा. आजीला तेच आवडेल.

प्रत्येकाने वेगळं मागवणं

छोट्या किचनमध्ये दोन-तीन माणसं राबत असतात. बाराजणांनी बारा पदार्थ सांगितले की शेवटचं ताट येईपर्यंत पहिल्याचं जेवून झालेलं असतं. जाण्याआधी घरच्या ग्रुपवर मेन्यूचा फोटो टाका, चार-पाच पदार्थ ठरवा आणि तेच वाटून घ्या. एकाच माणसाने ऑर्डर द्यावी, आणि शेवटी वाढप्याकडून ती परत वाचून घ्यावी.

मुलांचं आधी येऊ द्या. वरण-भात, घावन, साधा डोसा, जे काही बिनतिखट असेल ते. पोटात चार घास गेलेलं मूल शांत बसतं आणि मोठ्यांना जेवता येतं. जो पदार्थ तमाशा करत येतो, म्हणजे धुराचा, पेटत्या तव्याचा, डोक्याएवढ्या थाळीतला, त्याला किती वेळ लागतो ते आधी विचारा आणि तो एकच मागवा. भली मोठी थाळी दोघांत चालते का, की माणशी एक घ्यावीच लागते, हेही विचारून घ्या. अमर्यादित थाळीत ताटात टाकलेल्या अन्नाचे पैसे लावणाऱ्या जागा आहेत, आणि मला तो नियम योग्य वाटतो.

तिखटाचा अंदाज बाहेरून लावू नका. मामलेदारची मिसळ खाऊन वाढलेल्या ठाणेकराला जे मध्यम वाटतं, त्याने पुण्याहून आलेल्या मावशींच्या डोळ्यांतून पाणी येऊ शकतं. आधी एक वाटी रस्सा चाखायला मागवा. कुणी नाही म्हणत नाही.

न विचारता ढोल वाजवायला लावणं

वाढपी घोळक्याने येतात, दिवे मालवतात, टाळ्या-ढोल वाजवतात, टोपी घालतात. काहींना ते फार आवडतं. काहींना तो क्षण कधी संपतो असं होतं. कानाचं यंत्र लावणाऱ्या माणसाला अचानक झालेला मोठा आवाज त्रासदायक होतो. बुकिंग करतानाच सांगा: गाणं हवं की नको, किती वाजता हवं, आणि दिवे पूर्ण मालवू नका. बंदिस्त जागेत पाहुणे आणि वाढपी धावपळ करत असताना अंधार केला की कुणीतरी पडतं.

मोकळ्या जागेत, अंगणात किंवा गच्चीवर असाल तर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे. येऊरला जाणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाचा आहे, तिथे आदिवासी पाडे आहेत, बिबट्याचा वावर आहे. तिथे जेवायला जायचं तर उजेडी जा, वेळेत खाली उतरा, फटाके आणि स्पीकर घरीच ठेवा, उष्टं-खरकटं रस्त्यात टाकू नका. परतीची गाडी स्वतःची हवी, रात्री वर रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका.

पत्ता अर्धवट सांगणं

नवी मुंबईत ही चूक सर्रास होते. ‘सेक्टर १५ ला या’ एवढंच सांगितलं तर एक गाडी वाशीला जाते आणि दुसरी सीबीडी बेलापूरला, कारण सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-बेलापूरसारख्या प्रत्येक भागात, नव्याने सुरू होतात. नोडचं नाव, जवळचं स्टेशन, स्टेशनची कोणती बाजू आणि मॅपची पिन असं सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवा. गावठाणातल्या खानावळीसाठी मॅप गल्लीच्या तोंडाशी सोडतो. तिथून पुढे मंदिर, शाळा, वडाचं झाड अशी खूण द्या आणि एकाला बाहेर उभं करा.

ठाण्यात प्रश्न पार्किंगचा. राम मारुती रोड, गोखले रोड, तलावपाळी इथे संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यातच वेळ जातो, आणि गडकरी रंगायतनला प्रयोग असेल तर आणखी. गावदेवी मैदानाखाली पालिकेचं वाहनतळ आहे, ते किती वाजेपर्यंत उघडं असतं ते पाहून ठेवा. नाहीतर मोठ्यांना दारात उतरवून गाडी लांब लावा. नवरात्रात टेंभीनाक्याच्या देवीची गर्दी असते आणि त्या बाजूची वाहतूक वळवतात. त्या नऊ दिवसांत स्टेशनजवळचं हॉटेल घेऊच नका. घोडबंदर रोडवर रात्री अवजड वाहनं सोडतात, त्यामुळे परतीला उशीर केला तर कंटेनरच्या रांगेत सापडाल.

बिल न वाचता देणं

‘मी देतो’, ‘अहो नाही, मी देतो’ अशी ओढाताण काउंटरवर सुरू झाली की बिल वाचायचं राहून जातं. भावंडांनी आधीच ठरवून एकाने द्यावं आणि नंतर हिशेब करावा. ज्याचा वाढदिवस आहे त्याच्यासमोर पैशांची चर्चा नको.

बिल शांतपणे वाचा. न मागवलेलं सूप, दोनदा लागलेली रोटी, न उघडलेल्या पाण्याच्या बाटल्या हे हमखास सापडतं, आणि बहुतेक वेळा ती घाईतली चूक असते. नीट सांगितलं की लगेच दुरुस्त करतात. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी एकूण ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. कंपोझिशन योजनेतली, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारी छोटी खानावळ ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. सेवाशुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज बिलात आपणहून लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या कायम ठेवल्या. दुसऱ्या नावाखालीही तो घेता येत नाही. लावलेला दिसला तर काढून टाकायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. टीप मात्र मनापासून द्या, आणि आजीला हात धरून नेणाऱ्या मुलाच्या हातात द्या.

तरीही ऐनवेळी बिनसलं तर

बुक केलेलं टेबल दुसऱ्याला दिलेलं असेल तर दारात भांडत बसू नका. व्हॉट्सॲपचा मेसेज दाखवा, मालकांशी बोला, मोठ्यांना आधी कुठेही बसवायला सांगा आणि पाणी, सोलकढी, मुलांसाठी काहीतरी लगेच मागवा. अर्ध्या तासात जागा होणार नसेल तर ॲडव्हान्स परत घ्या आणि निघा. यासाठी जवळचं एक साधं, मोठं हॉटेल आधीच हेरून ठेवलेलं असावं. वाशी स्टेशनच्या आसपास काय किंवा ठाण्यात नौपाड्यात काय, असं एखादं सापडतंच.

जेवण फारच लांबलं तर केक आधी कापा. गाडी, यंत्रमानव, जे काही त्या जागेचं आकर्षण आहे ते बंद पडलेलं असेल तर मुलांना खोटी आशा दाखवू नका. मालकांना विचारा की मुलांना किचनमध्ये किंवा गाडीजवळ नेऊन दाखवता येईल का. बंद पडलेली गाडी उघडून आतली मोटर दाखवणारे मालकही असतात, आणि मुलं त्यावर अर्धा तास खूश राहतात.

कुणाच्या घशात घास किंवा काटा अडकला आणि तो माणूस खोकतो आहे, बोलतो आहे, तर त्याला खोकू द्या. खोकणं आणि बोलणं थांबलं तर वेळ घालवू नका. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरकस थापा, तेवढ्याने निघालं नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आणि कुणीतरी लगेच १०८ ला फोन. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नसतो, पाठीवर थापा आणि छातीवर दाब द्यायचा असतो. भाताचा गोळा किंवा केळं खाऊन काटा खाली ढकलायचा घरगुती उपाय करू नका, डॉक्टरांकडे जा.

पदार्थाला वास येत असेल, मासा शिळा वाटत असेल तर पहिल्या घासालाच थांबा आणि ताट तसंच ठेवून मालकांना बोलवा. संपवून झाल्यावर सांगितलेली तक्रार कुणी धरत नाही. मुलांच्या ताटातलं आधी बाजूला करा. उरलेलं पार्सल घेतलं असेल तर ते घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये टाका, गाडीत रात्रभर राहू देऊ नका, आणि मासे-कोळंबी दुसऱ्या दिवशी खायचीच असेल तर चांगली वाफ काढून खा. दुसऱ्या दिवशी एकाहून जास्त जणांना उलट्या-जुलाब झाले तर डॉक्टरांना काय खाल्लं ते सांगा. हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो. तो टाकून फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बिल चार-पाच दिवस जपून ठेवा.